मुराळी फरार

हिंदीत ळ नाही, ही गोष्ट डिंगोऱ्याच्या हौशीरामला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळली, आणि कळली त्या दिवसापासून त्यानं टीव्हीवरच्या हिंदी बातम्या बघणं सोडून दिलं. कुणी म्हणालं, "तात्या, लावा की बातम्या," की तो उसळायचा, "ज्यांना धड मुराळी म्हनता येत न्हाई, ते मला जगाच्या काय बातम्या देनार?"

आता हा राग समजायचा तर आधी मुराळी समजला पाहिजे. लेक सासरी गेली की सणावाराला तिला माहेरी आणायला घरचा एक माणूस जातो. भाऊ जातो, चुलता जातो, कुणीच नसलं तर भावकीतला एखादा जाणता गडी जातो. तो मुराळी. काम दिसायला सोपं, पण तसं नाही बरं. व्याह्याच्या ओटीवर टेकल्या टेकल्या 'पोरीला धाडता का' असं विचारायचं नसतं. आधी चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं, व्याह्याच्या बैलजोडीची तारीफ करायची, विहिणीच्या हातची भाकरी खाऊन 'अशी भाकर आमच्याकडं व्हत न्हाई राव' म्हणायचं, आणि विहीणबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली की मग हळूच विषय काढायचा. हौशीराम ह्यात पटाईत. अठराव्या वर्षी तो पहिल्यांदा मुराळी म्हणून चुलत बहिणीला आणायला गेला, आणि त्यानंतर भावकीतली एकही लेक अशी राहिली नाही की जिला त्यानं आणलं नाही. लोणीच्या एका खाष्ट सासूनं तर दोन सख्ख्या भावांना हात हलवत परत लावलं होतं. हौशीराम गेला आणि दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन आला. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. थोरल्या भावाच्या, कुशाबाच्या घरी दोन घास खायचे आणि दोघांनी मिळून शेत करायचं, असा त्याचा संसार. पण लेकी आणायच्या दिवसांत कडक टोपी घालून, खांद्याला पिशवी अडकवून तो ओतूरच्या स्टँडवर उभा राहिला की त्याचा रुबाब बघत राहावा.

कुशाबाची लेक वृषाली ह्याच हौशीरामच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती त्याला तात्या म्हणायची. शहाण्णव साली तिचं लग्न झालं. स्थळ म्हणाल तर आपलंच, जवळच्या आणे गावचं. पण व्याही धर्माजी तीस वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात धरमखेडी नावाच्या गावी सरकीच्या मिलमध्ये मिस्त्री म्हणून गेला आणि तिथलाच होऊन बसला. नाशिक, धुळं, सेंधवा करत जायचं आणि पुढं आणखी दोन गाड्या बदलायच्या. पोरगा पप्पू तिथंच जन्मलेला, निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलणारा. 'पोरगा कमावता हाय, घर पक्कं हाय,' म्हणून दिली पोर. कोण कुणाच्या पोटात शिरून बघतं?

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला हौशीराम धरमखेडीला मुराळी म्हणून गेला. वृषालीच्या कडेवर सहा महिन्यांची समृद्धी होती. सगळं रीतसर झालं. विहीणबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली, धर्माजी स्वतः स्टँडवर पोचवायला आला. आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, आंघोळीला पाणी काढताना, वृषालीच्या आईनं लेकीची पाठ बघितली. पुढचं काय सांगायचं! त्या पाठीवर दोन वर्षांचा हिशेब होता. वृषाली म्हणाली, "मी परत न्हाई जायची." कुशाबा म्हणाला, "नको जाऊ."

तिकडून निरोप आले. मग पप्पू स्वतः आला, अंगणात उभा राहून निम्म्या मराठीत आणि पूर्ण हिंदीत शिव्या देऊन गेला. आणि माघ महिन्यात एक लांबलचक हिंदी कागद आला, धरमखेडीच्या कोर्टाचा. सून घरातले दागिने चोरून पळाली, अशी फिर्याद धर्माजीच्या नावानं दाखल होती. गावचा पोलीस पाटील सावळेराम ह्याला हिंदी वाचता येतं असा त्याचा स्वतःचा समज, म्हणून त्यानं कागद वाचला. आरोपी नंबर एक, वृषाली. आरोपी नंबर दोन, कुशाबा.

"आरं, मी तर तितं गेलोच न्हवतो!" कुशाबा ओरडला.

"थांबा की. अजून एक हाय. आरोपी नंबर तीन, मुराली. 'मुराली नामक व्यक्ति के साथ भाग गयी.'"

घरात सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कोण हा मुराली? डिंगोऱ्यात मुराली नाही, ओतुरात ओळखीचा कुणी मुराली नाही. कुशाबा म्हणाला, खोटा माणूस उभा केलाय त्यांनी, पोरीची बदनामी करायला. हौशीरामनं तर धर्माजीचा उद्धार केला. आणि कागदातलं वाक्य गावात फिरायला किती वेळ लागतो? कुशाबाची पोर कुणा मुरालीबरोबर पळाली, हे महिन्याभरात ओतूरच्या बाजारात ऐकायला मिळालं. वृषाली घराबाहेर पडेना.

तारखा सुरू झाल्या. दर तारखेला वृषाली, कुशाबा आणि सोबतीला हौशीराम. दोन दिवस जायला-यायला, कोर्टात मिळून पाच मिनिटं. आत वृषाली आणि कुशाबा उभे राहायचे, बाहेरच्या बाकावर हौशीराम समृद्धीला मांडीवर घेऊन बसायचा. शिपाई दारात येऊन तीनदा ओरडायचा, "मुराली हाजिर हो!" हौशीराम मान वर करून इकडं तिकडं बघायचा. हा नालायक मुराली आज तरी येतो का, येऊ द्या एकदा, चांगला पायताणानं बडवतो, असं त्याच्या मनात यायचं. आणि कुणीच आलं नाही की शिपाई आत जाऊन सांगायचा, फरार.

तिसऱ्या तारखेला धिंगाणा झाला. कोर्टाच्या आवारात पप्पूनं हौशीरामच्या मांडीवरून समृद्धीला ओढलं. पोरीचा एक हात त्याच्या हातात, एक हौशीरामच्या, आणि मध्ये ती किंचाळतेय. वृषाली आतून धावत आली, चपला एकीकडं, पदर एकीकडं. दहा माणसं जमली तेव्हा पप्पूनं सोडलं, आणि जाताना म्हणाला, अगली बार ले जाऊँगा. तिथला हवालदार तंबाखू मळत होता. म्हणाला, घर का मामला है.

परतीच्या गाडीत समृद्धी हौशीरामला चिकटून बसली होती. वृषाली म्हणाली, "तात्या, मला फाशी दिली तरी चालंल, पन ह्या पोरीला घेऊन मी हितं पुन्हा पाऊल ठेवनार न्हाई. आन हिला घरी ठेवून तरी कशी यीऊ, अंगावरची हाय."

पण न जाऊन कसं चालेल? गेली नाही तर वॉरंट, वॉरंट निघालं की पोलीस धरून नेणार, आणि नेणार कुठं, तर धरमखेडीलाच. म्हणजे काय करा, पोर आणि तिची लेक त्यांच्याच तोंडात. हौशीरामनं ओतुरात चार जणांना विचारलं आणि जुन्नरला यशोधराताई वकिलांकडं गेला. कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. वयानं लहान, पण जिभेला धार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकच उपाय आहे. केसच जुन्नरला आणायची. म्हणजे तारखेला तुम्ही इथं, आणि यायचं तर त्यांनी यायचं."

"मंग आना की, ताई! सोपं हाय."

"सोपं कसलं? एका राज्यातली फौजदारी केस दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथल्या कोर्टाला अधिकार नाही, इथल्याला नाही. फक्त दिल्लीचं सुप्रीम कोर्ट तसा हुकूम देऊ शकतं."

हौशीराम बघतच राहिला. दागिने कुठले, तर धर्माजीच्या घरचे. पोर कुठली, तर डिंगोऱ्याची. आणि ठरवायचं दिल्लीनं? पण यशोधराताई म्हणाल्या, बाई आहे, लहान मूल आहे, जिवाला धोका आहे, मिळेल. मग त्यांनी तो हिंदी कागद पुढ्यात ओढला आणि वाचता वाचता विचारलं, "हा मुराली कोण?"

"त्योच तर घोर हाय! कुनाला ठावं न्हाई."

"मग त्या दिवशी वृषालीबरोबर तिथून निघालं कोण?"

"मी निघालो. दुसरं कोन? दिवाळीला आनायला गेल्तो, मुराळी म्हनून..."

आणि हौशीराम थांबला. यशोधराताईंनी पेन खाली ठेवलं. मग यशोधराताईंनी कपाळाला हात लावला. धर्माजीनं पोलीस ठाण्यात मराठीत सांगितलं असणार, मुराळी आला होता, त्याच्यासंगं गेली. लिहिणाऱ्याच्या हिंदीत ना मुराळी, ना ळ. त्यानं लिहिलं मुराली. आणि मुराली म्हटल्यावर नाव असणार, नाव म्हटल्यावर माणूस असणार, आणि माणूस सापडत नाही म्हटल्यावर तो फरार असणार!

"म्हंजे," हौशीराम अडखळत म्हणाला, "दर तारखंला त्यो शिपाई मला हाका मारीत व्हता?"

"हो. आणि तुम्ही दारातल्या बाकावर बसून फरार होतात."

हसावं की डोकं फोडून घ्यावं? हौशीरामला वाटलं, झालं, गुंता सुटला, एक कागद लिहून पाठवला की संपलं. कसलं संपतंय! तेवढ्यात धरमखेडीहून मुरालीच्या नावाचं वॉरंट डिंगोऱ्याला आलं होतं, आणि पोलीस पाटील सावळेरामनं कुणालाही न विचारता, झोकात सही ठोकून अहवाल दिला होता की सदर इसम ह्या गावी राहत नाही. हौशीराम त्याच्या घरी जाऊन भांडला. सावळेराम म्हणाला, "मग खोटं लिव्हलं का म्या? हाय का गावात कोन मुराली?" बरोबर लिहिलं होतं आणि सगळी माती केली होती. त्या अहवालावर तिकडच्या वकिलानं लिहिलं, बघा, आरोपी घर सोडून पळाला, हे त्याला लपवतायत.

यशोधराताईंनी मग हौशीरामचं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात दोन पानं मुराळी म्हणजे काय ते लिहिलं. चांगलं, समजेल असं मराठी. पण दिल्लीला मराठी चालत नाही, इंग्रजी करायला हवं. ते पुण्यातल्या कुणा भाषांतरवाल्याकडं दिलं. त्या महाभागाला मुराळी शब्द माहीत नव्हता. विचारावं ना माणसानं? नाही. त्यानं डिक्शनरी उघडली, तिथं त्याला मुरळी सापडली, आणि त्यानं छान इंग्रजीत लिहून टाकलं की मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली स्त्री, जी देवापुढं नाचते. गडबडीत ते कुणी वाचलं नाही आणि तसंच दिल्लीला गेलं.

तिकडच्या वकिलाचं उत्तर आलं तेव्हा यशोधराताईंनी ते हौशीरामला वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं, अर्जदार आधी म्हणतात मुराली नावाचा माणूसच नाही, आता म्हणतात ती बाई आहे, नाचणारी आहे, आणि सहीला अंगठा मात्र हौशीराम नावाच्या पुरुषाचा आहे.

"मी? खंडोबाची मुरळी?" हौशीरामनं मिशीवर हात फिरवला. "आवो ताई, ह्या मिशीकडं तरी बघायचं व्हतं त्यांनी!"

ही एक चूक निस्तरण्यात सबंध वर्ष गेलं. त्या वर्षात वृषालीच्या वॉरंटाला कसाबसा थांबा मिळत होता, आजारपणाचा दाखला, पोरीच्या गोवराचा दाखला, असं करत. दारात खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी ती समृद्धीला घेऊन मागच्या दारानं उसाच्या फडात जाऊन बसायची. पोरगी आता चार वर्षांची झाली होती. तिला वाटायचं हा खेळच आहे. वृषाली मात्र सारखी म्हणायची, "मी मुकाट परत गेले आस्ते तर तुमच्या मागं हे लचांड लागलं नस्तं, तात्या. सगळं माझ्यापायी." हौशीराम तिच्यावर खेकसायचा, "गप! डोकं नको खाऊ," आणि उठून बाहेर जायचा.

शेवटी यशोधराताईंनी दिल्लीत नेमलेल्या वकिलाचा फोन आला. बाईसाठी केस हलवायला कोर्टाची ना नाही, पण एक आरोपी फरार असताना केस हलत नाही. आधी आरोपी नंबर तीननं धरमखेडीच्या कोर्टात हजर व्हावं, मग बघू.

"म्हंजे मी मुराली व्हायचं?" हौशीरामनं विचारलं.

यशोधराताई म्हणाल्या, "नाही म्हणून भांडायचं तर आणखी चार-पाच वर्षं. हो म्हटलं तर एक दिवस. पण तात्या, चार वर्षं फरार धरलेल्या माणसाला ते लगेच सोडतील ह्याची खात्री मी देत नाही."

कुशाबा म्हणाला नको. वृषालीनं तर पायच धरले. हौशीरामनं पेटीतून कडक टोपी काढून घातली, पिशवी खांद्याला लावली आणि ओतूरच्या स्टँडवर जाऊन उभा राहिला. दोन हजार तीनचा फेब्रुवारी होता.

धरमखेडीच्या कोर्टात शिपायानं हाक दिली, "मुराली हाजिर हो!" आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उठलं. तिथला भाड्यानं घेतलेला वकील अजून दुसऱ्या कोर्टातून यायचा होता. त्यानं बजावून ठेवलं होतं की मी येईपर्यंत तोंड उघडू नका. पण जजसाहेबांनी विचारल्यावर गप्प कसं बसायचं?

"नाम?"

"हौशीराम."

"मुराली कहाँ है?"

"मैच हूँ मुराळी."

"अभी तो हौशीराम बोला."

"नाव हौशीराम, साहेब. मुराळी मेरा काम हय."

"क्या काम?"

हौशीरामनं उभ्या आयुष्यात जमवलेलं सगळं हिंदी गोळा केलं आणि छाती पुढं काढून सांगितलं, "लडकी लाने का काम, साहेब. तीस साल से लडकी लाता हूँ. आज तक खाली हाथ नहीं आया."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. जजसाहेबांचा चेहरा मात्र असा झाला की हौशीरामला वाटलं आपलं हिंदी त्यांना फारच आवडलं. वकील धापा टाकत पोचला तेव्हा उशीर झाला होता. आरोपी नंबर तीन, हौशीराम उर्फ मुराली, नऊ दिवस आत गेला.

नऊ दिवस म्हणजे थोडे नव्हेत. कधी कुणाच्या बांधावरचं कणीस न तोडलेला माणूस, बरॅकीत खिसेकापूंच्या ओळीत ताट घेऊन उभा राहिला. सगळे त्याला ए मुराली म्हणून हाक मारत. पहिले दोन दिवस तो सांगत राहिला, मुराली नव्हं, मुराळी, ळ, ळ, जीभ वर वळवा. तिसऱ्या दिवशी त्यानं नाद सोडला. जामीन झाल्यावर तो घरी आला तो गालफडं बसलेला, आणि आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही. पुढच्या दिवाळीला भावकीतल्या एका घरी लेक आणायची होती. त्यांनी दुसऱ्याच कुणाला धाडलं. जेलात जाऊन आलेला मुराळी व्याह्याच्या दारात कसा उभा करायचा, असं ते दबक्या आवाजात बोलले, आणि ते हौशीरामच्या कानावर आलंच.

पण केस हलली! दिल्लीचा हुकूम झाला आणि धरमखेडीचं ते जाडजूड बाड जुन्नरला आलं. ज्या दिवशी यशोधराताईंनी सांगितलं, त्या दिवशी वृषालीनं समृद्धीला शाळेच्या पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं आणि पहिल्यांदा तिला तिथं एकटं सोडून घरी आली.

दोन हजार पाचला साक्षी सुरू झाल्या. पप्पू फिरकलाच नाही. इतक्या लांब दोन दिवस घालवायचे म्हटल्यावर त्याची सगळी मर्दुमकी संपली. आला तो म्हातारा धर्माजी, काठी टेकत, कारण फिर्याद त्याच्या नावावर. जुन्नरचे जजसाहेब मराठी. यशोधराताई उलटतपासणीला उभ्या राहिल्या.

"धर्माजी, पोलिसांना तुम्ही कोणता शब्द सांगितला होता?"

"मुराळी."

"मुराळी म्हणजे?"

"आता बाई, तुमी हितल्याच ना? मुराळी म्हंजे मुराळी. लेकीला न्यायला येतो त्यो. हे हौशीराम पावणं आलं व्हतं."

जजसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, मग तिथं मुराली नावाचा माणूस फरार आहे म्हणून इतकी वर्षं चाललंय, ते तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं साहेब, त्यास्नी ळ म्हनता येत न्हाई, म्हून मुराली म्हनत्यात. मला कुनी मराठीत इचारलंच न्हाई."

आरोपीच्या पिंजऱ्यात हौशीरामनं गजाला घट्ट धरलं. नऊ दिवसांचा तुरुंग, चार वर्षांच्या तारखा, बाजारात निघालेली पोरीची अब्रू, आणि म्हणे कुणी विचारलंच नाही!

यशोधराताई थांबल्या नाहीत. मुराळी चोरून येतो का? न्हाई. त्या दिवशी पोरीची ओटी कुणी भरली? आमच्या मंडळींनी. स्टँडवर कोण पोचवायला गेलं? मी. निघताना तिच्या अंगावर दागिने होते? ह्यावर म्हातारा चिडला, "मंग? सनाला सून काय बोडक्या गळ्यानं धाडत्यात व्हय?" खल्लास. केसमध्ये काही उरलं नाही. खाली बसताना यशोधराताईंनी हौशीरामकडं बघितलं, पण धर्माजी अजून उतरला नव्हता.

"साहेब, एक सांगतो. दागिन्याचं पोराच्या नादानं बोललो, ते ऱ्हाऊ द्या. पन ह्या पावण्यानं मला फशिवलं. माझ्या उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन म्हनला, धाव्या दिवशी पोर परत आनून पोचवतो. मुराळ्याचा शब्द व्हता. त्या शब्दावर मी सून हातात दिली."

हे हौशीरामनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुशाबाला नाही, वकिलांनासुद्धा नाही. त्याची मान खाली गेली, ती दिवसभर वर आली नाही.

निकाल काय लागला ते सांगून टाकायला हरकत नाही. तिघंही निर्दोष सुटले. पण त्याच्या आधी, आरोपींना काय सांगायचं ते विचारतात ती तारीख होती. वृषालीनं आणि कुशाबानं वकिलांनी शिकवल्याप्रमाणं सांगितलं, फिर्याद खोटी आहे. जजसाहेबांनी हौशीरामला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"साहेब, चोरी खोटी हाय. पन धर्माजी पावणं बोललं ते खरं हाय. शब्द दिला व्हता. तीस वरसांत दुसरा कुठला मोडला न्हवता. येताना गाडीत पोर लेकीला पाजाय बसली, बाही सरकली, आन मला डागल्याल्या खुना दिसल्या. तिला कळलं मला दिसलं ते. ती बोलली न्हाई, मी बी बोललो न्हाई. पन मी तितंच ठरवलं, हिला परत न्यायची न्हाई. घरात समद्यांना वाटतं पोरीनं ठरवलं. तिनं तीन दिसांनी म्हनलं, साहेब. तवर माझं ठरल्यालं व्हतं. तिनं परत सोडा म्हनलं आस्तं तरी मी सोडली नस्ती. शब्द मीच मोडला, आन पुन्यांदा येळ आली तर पुन्यांदा मोडीन. ह्याला जे कलम आसंल ते मला एकट्याला लावा. पोर इतकी वरसं उगंच म्हनत बसलीय, समदं माझ्यापायी, माझ्यापायी."

"ह्याला कलम नाही," जजसाहेब म्हणाले, आणि टायपिस्टला म्हणाले, "त्यांनी सांगितलं तसंच घ्या."

वृषाली बाकावरून उठली आणि तात्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला रडू आवरत नव्हतं. शिपाई पुढं आला, "बाई, तुमचं झालं, तुम्ही बसा आता." ती बसली नाही. तिनं तात्याची बाही धरली होती. मशीनवर जबाब टाइप होत होता, आणि मध्येच टायपिस्टनं मान वर करून विचारलं, "साहेब, मुराळी... ळ ना?"

"ळ," जजसाहेब म्हणाले. "नीट बघून घ्या."